सोने रोळण्याचा सराव : पुण्यातील नवशिक्यांसाठी

तांदूळ रोळणे हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही, पण ती क्रिया अनेकांनी घरात पाहिलेली असते. तांदूळ आणि पाणी एका पातेल्यात घेऊन, पातेले किंचित कलते धरून, हलक्या हिसक्यांनी तांदूळ पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात जाऊ द्यायचे आणि जड खडे पहिल्या पातेल्याच्या तळाशी मागे राहू द्यायचे, अशी ती रीत आहे. नदीच्या गाळातून सोने वेगळे करण्याची जगभर चालत आलेली पद्धत तत्त्वतः हीच आहे. स्वयंपाकघरात मागे राहिलेले टाकून द्यायचे असते आणि सोने रोळताना मागे राहिलेलेच हवे असते, एवढाच दोन्हींत फरक आहे. इंग्रजीतील ‘पॅनिंग’साठी या लेखात मी ‘रोळणे’ हेच क्रियापद वापरणार आहे, कारण हाताची जी हालचाल शिकायची आहे तिचे नेमके वर्णन या शब्दात आधीपासून आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. पुण्याच्या नद्यांत रोळून मिळेल असे सोने नाही. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या सर्व नद्या सह्याद्रीत उगम पावून दख्खनच्या बेसाल्टवरून, म्हणजे आपल्या परिचित काळ्या कातळावरून वाहतात. हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. दक्षिण भारतातील सोने त्याहून कितीतरी जुन्या, अडीच अब्ज वर्षांहून अधिक वयाच्या खडकांतील गारगोटीच्या शिरांमध्ये सापडते. कोलारची २००१ मध्ये बंद झालेली खाण आणि आजही चालू असलेली हट्टीची खाण या दोन्ही अशाच खडकांत आहेत. पुण्याचे पाणी भीमेतून पुढे जाऊन रायचूर जिल्ह्यात कृष्णेला मिळते आणि हट्टी त्याच जिल्ह्यात आहे. नकाशावर हा योग मनोरंजक वाटतो, परंतु पाणी रायचूरकडे जाते, तिकडचे खडक आपल्याकडे येत नाहीत. तेव्हा संगमाच्या पुलाखाली परात घेऊन बसण्यात अर्थ नाही.

मग पुण्यात राहून ही कला शिकावी कशी? त्याचे उत्तर काळ्या वाळूत आहे. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट नावाचे लोहयुक्त, चुंबकाला चिकटणारे खनिज असते. खडक झिजला की त्याचे बारीक काळे कण मोकळे होतात, आणि ते इतर वाळूपेक्षा जड असल्यामुळे वाहत्या पाण्यात वेगळे पडतात. वळवाच्या पावसानंतर वेताळ टेकडीच्या किंवा तळजाईच्या पायवाटेवर जेथे पाण्याचे ओघळ उतरलेले असतात, तेथे मातीवर बारीक काळ्या रेघा उमटलेल्या दिसतात. त्या रेघांवर कागदात गुंडाळलेले चुंबक फिरवले तर ते काळ्या केसाळ कणांनी भरून जाते. सोन्याच्या नद्यांतही परातीत शेवटी उरते ती प्रामुख्याने काळी वाळू, आणि सोने असलेच तर तिच्यासोबत असते. ज्याला काळी वाळू परातीत टिकवून ठेवता येते, त्याच्या हातून सोने निसटत नाही. नवशिक्याने शिकायचे आहे ते एवढेच, आणि त्यासाठी सोन्याची गरज नाही.

पाणी कशासाठी?

हाताला वळण लावण्यापूर्वी यामागचे कारण समजून घ्यावे, म्हणजे चूक कोठे होते आहे हे पुढे आपोआप लक्षात येते. शुद्ध सोने पाण्याच्या १९.३ पट जड असते, मॅग्नेटाइट सुमारे ५.२ पट आणि गारगोटीची वाळू २.६५ पट. हवेत समान आकाराचा सोन्याचा कण वाळूच्या कणापेक्षा साधारण सातपट जड भरतो. दोन्ही कण पाण्यात बुडाले की प्रत्येकाच्या वजनातून त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन वजा होते. मग १८.३ आणि १.६५ अशी तुलना उरते, म्हणजे फरक अकरापट होतो. पाणी हा फरक वाढवते, शिवाय कणांना एकमेकांपासून मोकळे करून खाली सरकायला जागा देते. म्हणून रोळण्याचा पहिला नियम असा, की गाळ सतत पाण्याखाली आणि सतत मोकळा राहिला पाहिजे. परातीत गाळ आहे पण पाणी अपुरे आहे, अशा स्थितीत कितीही हलवले तरी थर लागत नाहीत.

गच्चीवरची तयारी

साहित्य थोडे लागते. प्लास्टिकचा मोठा, पसरट टब, त्यात बसेल असा सुमारे चौदा इंच व्यासाचा पॅन, एक चाळणी, एक चुंबक, चिमटा आणि झाकणाची छोटी काचेची बाटली. सोने रोळण्यासाठी खास बनवलेले प्लास्टिकचे पॅन ऑनलाइन मिळतात. त्यांच्या एका बाजूच्या उतारावर आडव्या खाचा असतात, आणि जड कण वर चढू लागले तर त्या खाचांत अडकतात. रंग हिरवा, निळा किंवा काळा घ्यावा, म्हणजे पिवळा कण उठून दिसतो. असा पॅन मिळेपर्यंत बोहरी आळीतून आणलेली तिरप्या काठाची साधी परातही चालते. खाचा नसल्यामुळे परातीत चूक पटकन उघडी पडते आणि हात अधिक लवकर हलका होतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस मी परातच सुचवीन. मात्र भांडे नवे असो वा जुने, तेलकटपणा पूर्ण जाईपर्यंत ते भांड्याच्या साबणाने आणि मूठभर वाळूने घासून काढावे. तेलाचा अंश असेल तर बारीक कण पाण्यात बुडत नाहीत, पृष्ठभागावर तरंगतात आणि धुऊन जातात.

वाळू नदीतून आणू नये. त्याची कारणे पुढे सांगितली आहेत. घराच्या दुरुस्तीतून उरलेली किंवा बांधकाम साहित्याच्या दुकानातून रीतसर घेतलेली अर्धे घमेले नैसर्गिक वाळू महिनाभराच्या सरावाला पुरते. हल्ली बहुतेक ठिकाणी दगड भरडून केलेली क्रश सँड मिळते. ती सरावाला तितकी चांगली नाही, कारण तिचे जवळजवळ सर्वच कण काळे आणि धारदार असतात, त्यामुळे जड काय आणि हलके काय हे डोळ्यांना कळत नाही.

आता सोन्याच्या जागी काय घ्यावे? मासेमारीच्या गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या सर्वांत उपयुक्त ठरतात. शिसे पाण्याच्या ११.३ पट जड असते. गोळ्यांचे लहान तुकडे करून हातोडीने चपटे करावेत, कारण नदीतील सोनेही बहुधा चपटे असते आणि चपटा कण गोल कणापेक्षा सहज वाहून जातो. शिसे विषारी आहे. ते हाताळताना हातमोजे घालावेत, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, सरावाची परात पुन्हा कधीही स्वयंपाकाला वापरू नये आणि मुले सोबत असतील तर शिशाऐवजी पितळेचा बारीक कीस घ्यावा. भोसरीकडच्या कोणत्याही लेथच्या कारखान्यात तो सहज मिळतो. पितळ पाण्याच्या सुमारे साडेआठ पट जड असते आणि रंगही सोन्याच्या जवळचा असतो. फक्त यंत्राच्या तेलाने माखलेला हा कीस वापरण्यापूर्वी गरम साबणाच्या पाण्यात नीट धुवावा लागतो.

तुकडे मोजून घेणे फार महत्त्वाचे आहे. बरोबर वीस तुकडे वाळूत मिसळावेत, आणि शेवटी किती हाती लागले ते वहीत लिहावे. माझ्या पहिल्या खेपेला वीसपैकी अकरा मिळाले होते, आणि उरलेले नऊ टबाच्या तळाशी सापडले, म्हणजे प्रत्येक तुकडा मी स्वतःच्या हाताने बाहेर सांडला होता. मोजणी केली नसती तर अकरा मिळाल्याचेच समाधान वाटले असते.

रोळण्याची रीत

टबात सात-आठ इंच पाणी भरावे आणि त्यात भांड्याच्या साबणाचे एक-दोन थेंब टाकावेत, म्हणजे बारीक कण तरंगत नाहीत. वाळू आधी चाळून मोठे खडे वेगळे करावेत, मग परात दोन तृतीयांश भरेल इतकीच वाळू घ्यावी. परात पूर्ण पाण्याखाली नेऊन दोन्ही हातांनी वाळू कालवावी, चिखलाचे गोळे असतील तर ते बोटांनी फोडावेत. नदीच्या गाळात चिकणमाती असते आणि तिच्या गोळ्यात सोन्याचा कण अडकलेला असला तर तो गोळ्यासकट वाहून जातो. म्हणून गढूळ पाणी निवळेपर्यंत ही पायरी घाईने संपवू नये.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नवशिके नेमके तिथेच थांबत नाहीत. परात पाण्याखाली सपाट धरून डावीकडे-उजवीकडे जोरात, छोट्या आणि वेगवान हिसक्यांनी हलवावी. गोल फिरवणे नंतर येते. आधी हे आडवे हलवणे किमान पंधरा-वीस सेकंद झाले पाहिजे. सगळी वाळू पातळ पिठाप्रमाणे हलताना दिसली पाहिजे, कारण त्या अवस्थेतच जड कण हलक्या कणांमधून खाली उतरतात. परातीचा मधला भाग स्थिर आणि कडेचा हलतो आहे असे दिसले, तर पाणी कमी आहे किंवा वाळू जास्त भरली आहे.

थर लागले, की परात आपल्यापासून दूरच्या बाजूला हळूहळू कलती करावी. पॅन असेल तर खाचांची बाजू दूर ठेवावी. कलती करतानाही आडवे हिसके चालू ठेवावेत, म्हणजे जड थर परातीच्या तळकोपऱ्यात, जेथे तळ आणि काठ मिळतात तेथे, दाटून बसतो. मग परातीचा दूरचा काठ पाण्यात बुडवून, थोडे पाणी आत घेऊन, परात आपल्याकडे ओढत ते पाणी बाहेर सोडावे. समुद्राची लाट किनाऱ्यावरची वाळू जशी ओढून नेते तशी वरची हलकी वाळू काठावरून उतरते. चार-पाच लाटा झाल्या की थांबावे, परात पुन्हा सपाट करावी आणि पुन्हा आडवे हलवून थर लावावेत. ‘थर लावा, वरचा थर सोडा, पुन्हा थर लावा’ हा क्रम मोडून नुसतेच धूत राहिले तर जड कणही हळूहळू वर येतात. माझे नऊ तुकडे असेच गेले होते.

वाळू पळीभर उरली की तिचा रंग बदललेला दिसतो. करड्या वाळूखालून काळी वाळू डोकावू लागते. येथून पुढे वेग निम्म्यावर आणावा आणि टबाऐवजी दुसऱ्या, स्वच्छ भांड्यावर परात धरावी, म्हणजे काही सांडले तरी परत मिळते. आता परातीत दोन-तीन चमचेच पाणी ठेवून ती अतिशय मंद गोल फिरवावी. पाण्याबरोबर हलके कण पुढे सरकत जातात आणि मागे शेपटीसारखी एक निमुळती रेघ तयार होते. त्या शेपटीच्या अगदी टोकाला सर्वांत जड कण उरतात. सोने रोळणाऱ्याचे डोळे या टोकावरच असतात. सरावात येथे शिशाचे किंवा पितळेचे तुकडे आणि त्यांच्या पुढे काळ्या वाळूचा पट्टा दिसला, तर हात बरोबर चालला असे समजावे.

काळी वाळू सुकवून, कागदावर पसरून, तिच्यावरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चुंबक फिरवावे. मॅग्नेटाइट चिकटते, बाकीचे उरते. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढले की कण आपोआप झडतात. चुंबक एकदाच खाली दाबून नेले तर काळ्या कणांच्या गुच्छात अडकून हवे ते कणही उचलले जातात, म्हणून ते थोडे वर धरून दोन-तीनदा फिरवावे.

टबातील पाणी पुन्हा पुन्हा वापरता येते, आणि पुण्याचा उन्हाळा पाहता ते तसे वापरावेच. गाळ तळाशी बसल्यावर वरचे पाणी कुंड्यांना घालता येते, मात्र सरावात शिसे वापरले असेल तर ते झाडांना घालू नये. गाळ बेसिनमध्ये किंवा गच्चीच्या पन्हाळीत कधीही ओतू नये, कारण वाळूने तुंबलेला नळ मोकळा करणे सोपे नसते.

वीसपैकी अठरा तुकडे सलग पाच वेळा मिळू लागले की सराव पुढच्या टप्प्यावर न्यावा. तुकडे मोहरीएवढे करावेत, नंतर खसखशीएवढे. नदीतील सोने किती बारीक असते याचा अंदाज एका हिशेबाने येतो. अर्धा मिलिमीटर लांब-रुंद आणि त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी जाड चकती घेतली, तर तिचे वजन पाव मिलिग्रॅमच्या आसपास भरते. अशा सुमारे चार हजार चकत्या मिळाल्या तर एक ग्रॅम होतो, आणि दहा ग्रॅमच्या तोळ्याला चाळीस हजार लागतात. हा छंद पैशांसाठी धरू नये, असे मी प्रत्येकाला आधीच सांगतो. ज्याला बारीक काम करण्यात आणि नदीचे वागणे समजून घेण्यात आनंद वाटतो त्यानेच तो धरावा.

कायदा

भारतात सोने हे प्रमुख खनिज आहे. खाणी आणि खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ नुसार परवान्याशिवाय त्याचा शोध घेणे किंवा ते काढणे गुन्हा आहे, आणि छंद म्हणून परात घेऊन बसणाऱ्यासाठी वेगळी सवलत नाही. वाळू हे गौण खनिज असून विनापरवाना उपसा केल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली दंड होतो. भीमाशंकरसारख्या अभयारण्यात तर दगडही उचलू नये. नदीपात्रात जुनी नाणी किंवा दागिने सापडले तर ते आपोआप आपले होत नाहीत. दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने बंधनकारक आहे.

याशिवाय शहरातील मुळा-मुठेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असल्यामुळे त्यात हात घालणे आरोग्याला घातक आहे, आणि खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की भिडे पूल किती लवकर पाण्याखाली जातो हे पुणेकराला सांगायला नको.

नदीत कोठे पाहावे

यासाठी काही उपसावे लागत नाही, डोळे पुरेसे असतात. पाण्याचा वेग जेथे एकाएकी मंदावतो तेथे जड कण खाली बसतात. वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या खडकाच्या प्रवाहाकडील बाजूला नव्हे तर त्याच्या पाठीमागच्या आडोशाला, धबधब्याखालच्या डोहाच्या शेवटी, पुरात बुडणाऱ्या झाडांच्या मुळांच्या जाळ्यात आणि विशेषतः कातळाच्या प्रवाहाला आडव्या गेलेल्या भेगांत. जड कण दरवर्षीच्या पुरात थोडे थोडे खाली उतरत शेवटी पक्क्या कातळावर येऊन थांबतात. म्हणून गोट्यांच्या थराच्या वर नव्हे, तळाशी शोधायचे असते. मावळातील किंवा मुळशीकडील एखाद्या ओढ्याच्या काठाने उन्हाळ्यात चालत जाऊन काळी वाळू कोठे कोठे साठली आहे याचे टिपण आणि रेखाटन करावे. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर त्याच जागी परत जाऊन काय बदलले ते पाहावे. ओढा कोणता, यावर काही अवलंबून नाही. सोन्याच्या नदीतही पाणी याच नियमांनी वागते.

प्रत्यक्ष सोन्याच्या पाण्यावर

पुण्यातील पुष्कळ घरांतील मुले-मुली ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये किंवा अमेरिकेत स्थायिक आहेत, आणि त्यांच्याकडे जाणे होतच असते. तेथे हौशी लोकांसाठी कायदेशीर सोय आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ‘मायनर्स राइट’ नावाची परवानगी घेतली की ठरावीक सरकारी जमिनीवर हाताच्या अवजारांनी सोने शोधता येते आणि मिळालेले ठेवताही येते. मात्र बहुतेक राष्ट्रीय उद्याने आणि काही ओढे-नद्या त्यातून वगळलेल्या आहेत, तेव्हा जागेची खात्री आधी करून घ्यावी. पहिल्या अनुभवासाठी बॅलरॅट येथील सॉव्हरिन हिल हे सोन्याच्या खाणगावाच्या धर्तीवर उभारलेले संग्रहालय चांगले, कारण तेथील ओढ्यात पाहुण्यांना रोळता येते. न्यूझीलंडमध्ये ॲरोटाउनच्या ॲरो नदीसारखी काही पात्रे सर्वांसाठी राखून ठेवलेली आहेत. कॅलिफोर्नियात कोलोमा येथे, जेथे जेम्स मार्शलला २४ जानेवारी १८४८ रोजी सोने दिसले, त्या ऐतिहासिक उद्यानाच्या ठरावीक भागात फक्त हात आणि पॅन वापरून रोळण्याची मुभा आहे.

आपल्या देशातही ही विद्या जिवंत आहे, पण ती कुणाचा तरी पोटापाण्याचा उद्योग आहे. झारखंडमधील सुवर्णरेखेच्या काठी, केरळात निलांबूरच्या चालियार नदीवर तेथील रहिवाशांनी आणि वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझरी समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाळू धुतली आहे. पुण्यातल्यासारख्या शहरी सराफ बाजारांत सोनारांच्या दुकानातील केर आणि राख धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्यांना झारेकरी म्हणत, तेही याच हातांचे कारागीर. त्यांच्या लाकडी पाटीतील एक फेरा शांतपणे पाहायला मिळाला तर तो जरूर पाहावा, त्यांच्या वेळेचा मोबदला द्यावा आणि त्यांच्या जागेवर स्वतःचा पॅन मांडू नये.

मिळालेला पिवळा कण सोनेच आहे का, हे ओळखण्याच्या साध्या खुणा आहेत. परातीवर हाताची सावली धरावी. सोने सावलीतही तितकेच पिवळे दिसते, अभ्रक मात्र केवळ एका कोनातून चमकते आणि पाणी हलले की उडते. सुईच्या टोकाने दाबल्यावर सोने चेपते, तर पायराइट हे सोन्यासारखे दिसणारे खनिज चुरा होऊन फुटते. अतिबारीक सोने गोळा करण्यासाठी पारा वापरण्याचा सल्ला जुन्या लोकांकडून मिळतो. तो कोणत्याही परिस्थितीत मानू नये. पाऱ्याची वाफ मेंदूवर आणि मूत्रपिंडावर परिणाम करते, आणि नदीत गेलेला पारा माशांतून पुन्हा माणसांकडे येतो.

निघताना खणलेला प्रत्येक खड्डा बुजवावा, दगड होते तसे ठेवावेत आणि काठाची माती ढासळेल असे काही करू नये. परदेशातील वाळू किंवा माती सामानात भरून भारतात आणू नये, आणि सोने आणायचे असेल तर विमानतळावर सीमाशुल्काचे नियम लागू होतात हे लक्षात ठेवावे. कण काचेच्या बाटलीत पाण्यासह ठेवावेत, पाण्यामुळे ते मोठे दिसतात आणि काचेला चिकटत नाहीत. बाटलीवर तारीख, नदीचे नाव आणि नेमकी जागा लिहावी, म्हणजे पुढच्या भेटीत कोणत्या भेगेपासून सुरुवात करायची ते ठरवता येते.